पहिल्यांदाच शिकारीला चाललोय – गोळी झाडायचं कमाल अंतर कसं ठरवायचं?

नेमबाज_कोथरूड | ७ जून, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं बालेवाडीला ५० मीटर रायफल मारतोय. राज्य पातळीच्या वर कधी गेलो नाही, पण रविवार चुकवत नाही.

माझा मावसभाऊ (आमचा दादा) कोलोरॅडोत असतो. गेल्या वर्षी तिकडे गेलो होतो तेव्हा त्यानं हंटर एज्युकेशनचा कोर्स करायला लावला. तिथे १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या कुणालाही तो केल्याशिवाय लायसन्स मिळत नाही. यंदा एप्रिलमध्ये दोघांनी अर्ज टाकले आणि परवा लॉटरीत नंबर लागला. एल्कची (तिकडचं मोठं हरीण) मादी, नोव्हेंबरचा हंगाम. रायफल दादाची, .३०-०६ मापाची, गोळी १८० ग्रेन वजनाची.

आता प्रश्न. दादा म्हणतो चारशे यार्डांपर्यंत बिनधास्त मार. त्याचा एक मित्र सहाशे म्हणतो. दुसरा म्हणे दोनशेच्या पुढे हात लावू नकोस. मी पहिल्या दिवशी अगदी सरळ हिशोब केला. एल्कची छातीची जागा फूटभर धरली तर ४०० यार्डांवर ती जेवढी दिसते, तेवढंच ५० मीटरवर चार सेंटिमीटरचं वर्तुळ दिसतं. माझ्या निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका १०.४ मिलिमीटरचा असतो. म्हणजे चारशे सोपंच की! तरी कुठेतरी पोटात गोळा येतोय. ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, तुम्ही तुमचं अंतर कसं ठरवलंत?

'शिकार करावी का' यावर कृपया वेगळा धागा काढा.

चकवाचांदण | ७ जून, रात्री ११:२०

वेगळा धागा काढा म्हटलं की लोक तिथल्या तिथेच लिहितात, त्यामुळे मी सुरुवात करते. पोटात गोळा येतोय ना? तोच खरं सांगतोय. कॅमेरा घेऊन जा.

संपादक | ८ जून, सकाळी ७:०५

धागा राहू दे, पण एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. पिकांची नासाडी करणारी रोही-रानडुकरं मारायची झाली तरी वनखात्याचा परवाना लागतो. इथली चर्चा धागाकर्त्याच्या कायदेशीर परदेशी शिकारीपुरतीच ठेवा. 'आमच्या गावात रात्री जीपमधून' वगैरे आठवणी दिसल्या की प्रतिसाद उडणार.

डेन्व्हरकर | ८ जून, सकाळी ८:४०

नेमबाज, अभिनंदन. लॉटरी लागणं हाच अर्धा हंगाम असतो. मी इथे बारा वर्षं एल्कमागे फिरतोय. त्यातली सात वर्षं रिकाम्या हातानं परत आलोय, तेव्हा माझं म्हणणं त्या मापानं घ्या.

आधी कागदपत्रं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक हातात घ्यायची मुभा नसते. त्याला जे थोडे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. तेव्हा लायसन्स खिशात असल्याशिवाय दादाच्या रायफलीला हात लावू नका, रेंजवरसुद्धा. कोलोरॅडोत एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची लागते आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड असावी लागते. तुमची .३०-०६ त्यात आरामात बसते. अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कापड हवं. सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास, एवढ्या वेळातच गोळी झाडता येते.

आता तुमचा हिशोब. गणित बरोबर आहे, पण गणितातला माणूस बालेवाडीतला आहे. अंगात जाड जॅकेट, हातात पट्टा, खाली मॅट, घड्याळात वेळ आणि समोर न हलणारं लक्ष्य. इथे तुम्ही दहा हजार फुटांवर असाल. पुणे अठराशे फुटांवर. शंभर पावलं चढलात की तोंडानं श्वास घ्याल. गवत कमरेएवढं असेल तर पडून मारताच येणार नाही. आणि जनावर चालत असेल.

चालणं हा प्रकार लोक विसरतात. तुमची गोळी ४०० यार्डांवर पोचायला साधारण अर्धा सेकंद घेते. चरत चरत माणसाच्या चालीनं जाणारी मादी तेवढ्यात दोन फूट पुढे सरकते. तुम्ही घोडा दाबलात तेव्हा दुर्बिणीतला काटा फऱ्यामागे (खांद्यामागे) अगदी बरोबर होता, गोळी पोचली तेव्हा तिथे पोट आलेलं असतं.

लांबपल्ला | ८ जून, सकाळी ११:१५

काका, तुम्ही जुन्या जमान्यात अडकलात. आता लेझर रेंजफाइंडर आहे, बॅलिस्टिक अ‍ॅप आहे, हवेचा दाब, तापमान, कोन सगळं टाका, अ‍ॅप सांगतं दुर्बिणीचे किती क्लिक फिरवायचे. यूट्यूबवर लोक आठशे-हजार यार्डांवर एल्क पाडतात. तंत्रज्ञान असताना दोनशेवर अडकून बसणं म्हणजे कॅल्क्युलेटर असताना पाढे म्हणणं.

डेन्व्हरकर | ८ जून, रात्री ९:०२

लांबपल्ला, काका म्हणालात, हरकत नाही, केस तसेच झालेत.

अ‍ॅप मीही वापरतो. ते गोळी किती खाली येणार हे सांगतं, आणि चांगलं सांगतं. कोनाचाही हिशोब करतं. ३० अंशांच्या चढावर रेंजफाइंडर ४०० दाखवत असेल तर गोळीच्या दृष्टीनं ते साधारण ३४६ आहे, हे डोक्यात करायची गरज उरली नाही. पण वारा कुणी मोजायचा? तुमच्याजवळचा वारा हातातल्या यंत्रावर कळतो. मधल्या दरीतला? पलीकडच्या उतारावरचा? सकाळी थंड हवा दरीत उतरते, दहा वाजता ऊन लागलं की उलटी वर चढते.

आकडे देतो. १८० ग्रेनची .३०-०६, ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा. गोळी १०० यार्डांवर पाऊण इंच ढकलली जाते, २०० वर तीन, ३०० वर सात, ४०० वर तेरा आणि ५०० वर एकवीस-बावीस इंच. सुमारेच धरा, गोळीगणिक बदलतं. वाऱ्याचा अंदाज निम्म्यानं चुकला तर २०० वर दीड इंच चूक, काही बिघडत नाही. ५०० वर तीच चूक दहा-अकरा इंचांची.

यूट्यूबवर आठशे यार्डांचे चुकलेले बार कोण टाकणार? आठशेवर गोळी सेकंदाहून जास्त हवेत असते. एवढ्या वेळात एल्क मान वळवते, पाऊल टाकते, वळते. ती काय करणार हे जगातलं कुठलंही अ‍ॅप सांगत नाही. बून अँड क्रॉकेट क्लब हा इथला शिकाऱ्यांचा जुना क्लब, थिओडोर रूझवेल्टनं १८८७ मध्ये काढलेला. जनावराला निसटायची खरी संधी असली तरच ती शिकार, हे त्यांचं धोरण. ज्या अंतरावरून त्याला तुमचा वास येत नाही, आवाज येत नाही, तुम्ही दिसत नाही, तिथे ही संधी कुठली?

आणि बार झाल्यावर काय? एल्क उभी होती ती नेमकी जागा सापडली तरच माग सुरू होतो. दरीपलीकडे आठशे यार्डांवर पोचायला मला पाऊण तास लागतो. तोवर सगळी झुडपं सारखी दिसायला लागलेली असतात.

लांबपल्ला | ८ जून, रात्री ९:३०

हा शेवटचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर आपलं जमणार नाही.

खडकी_निवृत्त | ९ जून, सकाळी ६:१०

मी सगळी नोकरी दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली, शिकार एकदाही केलेली नाही आणि करणारही नाही. पण गोळीबद्दल बोलताना राहवत नाही.

एक. कारखान्यातून निघालेली प्रत्येक गोळी सारख्या वेगानं सुटत नाही. दोन काडतुसांत सेकंदाला ४० फुटांचा फरक असू शकतो. १०० यार्डांवर तो दिसतही नाही. ५०० वर त्याचे अडीच-तीन इंच होतात. म्हणजे तुमची काही चूक नसताना छातीच्या फूटभरातली तेवढी जागा गेली.

दोन. लोक म्हणतात 'माझी रायफल इंचात मारते'. त्याचा अर्थ शंभर यार्डांवर, टेबलावर, वाळूच्या पिशवीवर, तीन गोळ्या. तो रायफलीचा गुण. माणसाचा त्यात मिळवला की तीन-चार इंच होतात. शंभरचे चार म्हणजे तीनशेचे बारा. आमच्याकडे तपासणीत सरासरीला कुणी विचारत नसे, सगळ्यात वाईट नग कुठे गेला ते बघत. तुम्ही तेच करा. दहातल्या सगळ्यात वाईट गोळीनं तुमचं अंतर ठरवा.

तीन. हे फार जण विचारात घेत नाहीत. शिकारीची गोळी आत गेल्यावर फुलली पाहिजे, आणि त्यासाठी तिला वेग लागतो. वेग पडला की ती सुईसारखी आरपार जाते. अंतराची मर्यादा गोळीच्या बाजूनंही असते. गोळी बनवणाऱ्याच्या कागदावर किमान वेग दिलेला असतो, तो बघून घ्या.

तळजाई | ९ जून, सकाळी ७:४५

खडकीकाका, सकाळी सहाला उठून एवढं लिहिलंत, काकूंचा चहा झाला का? :)

(वाचतेय. विषय माझा नाही, पण धागा सोडवत नाही.)

नेमबाज_कोथरूड | ९ जून, रात्री ११:१०

डेन्व्हरकर, खडकीकाका, मनापासून आभार. ४०० वरून आत्ताच ३०० वर आलोय. :) पण हे सगळं ऐकीव. मला स्वतःचा आकडा हवाय आणि पुण्यात मला ५० मीटरच्या पुढची रेंज मिळत नाही. काय करू?

डेन्व्हरकर | १० जून, सकाळी ८:१५

कागदी ताटली. वाढदिवसाला आणतो ती, साधारण आठ इंचांची, म्हणजे २० सेंटिमीटर. एल्कची जागा याहून मोठी असते, पण मुद्दाम लहान घ्यायची, उरलेला भाग थरथरीला लागतो. इथे आम्ही ताटल्या खांबाला ठोकतो आणि ५० यार्डांपासून सुरू करून मागे मागे सरकतो. पडून, बसून, गुडघ्यावर, उभ्यानं. ज्या अंतरावर पहिली गोळी ताटलीबाहेर जाते, त्याच्या अलीकडे थांबायचं.

तुम्ही हेच ५० मीटरवर लहान करून करा. तुम्ही ५० मीटरवाले, हिशोब तुम्हाला सांगायला नको.

मुळशीकर | १२ जून, रात्री १०:३०

उशिरा आलो. संपादक, ही गोष्ट कायद्याच्या आधीची आहे, उडवू नका.

आमचे आजोबा ताम्हिणीकडच्या आमच्या गावात नावाजलेले शिकारी. बारा बोअरची दुनळी, एल.जी.ची (मोठ्या छर्ऱ्यांची) काडतुसं. १९६६ किंवा ६७ असेल. दिवस मावळताना पानवठ्यावर सांबर आलं, चांगलं थोराड. मचाणापासून साठेक पावलं. आजोबांना ठाऊक होतं की एल.जी. एवढ्या लांब पांगते, पण सांबर थोराड होतं आणि मचाणाखाली गावातली चार माणसं बसलेली. बार काढला. सांबर कोलमडलं, उठलं आणि कारवीत घुसलं.

बरोबर एक कातकरी असायचा, माग काढण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा नव्हता. त्यानं पहिल्या थेंबालाच वाकून बघितलं. बोटाला लावून वास घेतला. म्हणाला, मालक, काळं आहे आणि चाऱ्याचा वास येतो, पोटात लागलीय, आता मागं लागलो तर पार कोकणात उतरेल. बसायचं. सगळे रात्रभर बसले. सकाळी निघाले. फेसाळ लाल रक्त असतं तर फुप्फुस, शे-दीडशे पावलांत जनावर मिळतं. हे तसं नव्हतंच. दिवसभर एकेका पानावर एकेक थेंब. दुसऱ्या दिवशी तेही आटलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वर गिधाडं फिरताना दिसली, तेव्हा जागा कळली.

घरी आल्यावर आजोबांनी त्याला नेहमीपेक्षा दुप्पट धान्य दिलं. त्यानं निम्मं परत केलं. म्हणाला, "बार तुमचा होता, पाय माझे होते. पायांचंच घेतो."

पुढच्या आठवड्यात आजोबा मचाणावर गेले ते चुना घेऊन. मचाणाच्या बुडापासून तीस पावलं मोजून गोलाकार सात-आठ दगड मांडले आणि पांढरे केले. दगडांच्या पलीकडे काहीही आलं, कितीही मोठं आलं, तरी बंदूक उचलायची नाही. अंधारातसुद्धा दगड दिसायचे. १९७२ नंतर बंदूक पोलिसात जमा केली. ते दगड आम्ही पोरांनी पुढे कितीतरी वर्षं लगोरीला वापरले.

चकवाचांदण | १२ जून, रात्री १०:५५

मुळशीकर. काय लिहिलंत.

तळजाई | १२ जून, रात्री ११:०२

+१. आणि 'पायांचंच घेतो' वाचून गप्प बसले.

खडकी_निवृत्त | १३ जून, सकाळी ६:०५

बारा बोअरच्या एल.जी. काडतुसात फक्त सहा छर्रे असतात. साठ पावलांवर त्यातला एखाददुसराच लागला असणार, तोही लागेल तिथे. आजोबांनी तीस पावलं ठरवली ती शास्त्राला धरूनच.

(तळजाई, चहा मीच करतो.)

नेमबाज_कोथरूड | २९ जून, दुपारी ३:४०

आज प्रयोग केला. सविस्तर लिहितो.

२० सेंटिमीटरची ताटली ३०० मीटरवर ठेवली तर ५० मीटरवर ती ३.३ सेंटिमीटरची होते. २०० मीटरची ५ सेंटिमीटर. १५० मीटरची साडेसहाच्या किंचित वर. वर्तुळं काढायला कंपास शोधत होतो तर आई म्हणाली, स्वयंपाकघरात बघ. बाकरवडी बरोब्बर सव्वातीन सेंटिमीटर भरली. पाणीपुरीची पुरी पाच. मारी बिस्किट साडेसहा. तिन्ही कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली. पुरी दोनदा फुटली.

प्रशिक्षकांना आधी सगळं सांगितलं, ते हसले पण हो म्हणाले. जॅकेट नाही, पट्टा नाही, साधा शर्ट. .२२ रायफल. प्रत्येक प्रकारात दहा गोळ्या आणि पाच मिनिटं बसून राहिल्यावरची पहिली गोळी वेगळी मोजली. मग रायफल ठेवून गॅलरीचे जिने तीन वेळा पळत चढलो-उतरलो, आणि आल्या आल्या पुन्हा दहा.

पडून, सॅकवर रायफल टेकवून: बाकरवडीत दहापैकी दहा. छाती फुगली. पळून आल्यावर आठ. पुरीत मात्र पळून आल्यावरही दहा.

बसून, दोन काठ्यांच्या आधारानं: पुरीत सात. मारीत दहा, पळून आल्यावर नऊ.

गुडघ्यावर: मारीत आठ आणि पाच.

उभ्यानं: मारीत चार. पळून आल्यावर एक. माझ्या स्पर्धेत उभ्यानं मारायचा भाग असतो हो! जॅकेटशिवाय मी किती उघडा आहे ते आज कळलं. शेजारच्या लेनवर एक अकरावीतली मुलगी होती, ती माझ्या स्क्रीनकडे बघून हळूच म्हणाली, "दादा, साइट हललीय का?" साइट जागेवर होती.

आणि सगळ्यात लागलेली गोष्ट. पळून आल्यावरच्या ज्या गोळ्या बाहेर गेल्या, त्यातल्या बहुतेक सुटताना मला छान वाटल्या होत्या.

लांबपल्ला | २९ जून, दुपारी ४:२०

मस्त प्रयोग. पण पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्निल कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ आणलं, तोही याच बालेवाडीत घडला. सराव केला की उभ्यानंही जमतं, एवढंच म्हणतो.

नेमबाज_कोथरूड | २९ जून, दुपारी ४:४५

जमतं ना, स्वप्निलला जमतं. मी सोमवार ते शुक्रवार हिंजवडीत एक्सेल भरतो.

खडकी_निवृत्त | ३० जून, सकाळी ६:१५

बाकरवडीची युक्ती आवडली. पण तीन गोष्टी या प्रयोगात लहान होत नाहीत. वारा ५० मीटरवर ५० मीटरचाच लागतो. गोळी खाली येते ते प्रमाणात येत नाही. तुमची .३०-०६ दोनशे यार्डांना शून्य केली असेल (म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवली असेल) तर ३०० वर आठेक इंच खाली, ४०० वर दोन फूट, ५०० वर चार फूट. दोनशेच्या आत तुम्हाला काहीच करायचं नाही, सरळ मधोमध नेम धरायचा. हा फार मोठा फायदा आहे, तो सोडू नका. आणि तिसरं, धक्का. .२२ खांद्याला कळतही नाही. .३०-०६ कळते. धक्क्याच्या धास्तीनं माणूस घोडा दाबण्याआधीच डोळे मिटतो.

डेन्व्हरकर | ३० जून, रात्री ९:२०

काका बरोबर बोलले. नेमबाज, हंगामाच्या चार-पाच दिवस आधी या आणि दादाच्या रायफलीनं खऱ्या ताटल्या मारा. तोवर हा आकडा पेन्सिलीनं लिहा. आणि इथे बक फीवर म्हणतात ते (जनावर समोर आलं की सुटणारी थरथर) तुम्हाला चढणारच, पहिल्या वेळी सगळ्यांना चढतं. माझे तर दात वाजत होते. तेव्हा जो आकडा येईल त्यातला चौथा हिस्सा काढून टाका.

नेमबाज_कोथरूड | ३० जून, रात्री ११:३०

पेन्सिलीनं: पडून २०० यार्ड. बसून १५०. गुडघ्यावर आणि उभ्यानं नाही. पडून चौथा हिस्सा काढला तर १६५ येतात, पण २०० वर सरळ नेम धरता येतो म्हणून तिथे हट्ट धरतोय. काका, ओरडू नका.

चकवाचांदण | १ जुलै, सकाळी ९:००

चारशेवरून दीडशेवर आलात. अजून थोडी चर्चा झाली तर कॅमेऱ्यावर याल. मी वाट बघतेय.

---

नेमबाज_कोथरूड | २३ नोव्हेंबर, रात्री ८:१०

धागा वर काढतोय. परत आलो. झोपेचं वेळापत्रक अजून उलटं आहे, त्यामुळे विस्कळीत होईल.

आधी ताटल्या. पाच दिवस आधी पोचलो. पडून २०० यार्डांवर दहाच्या दहा. दादानं टाळ्या वाजवल्या. मग बसून १५०. पहिलीच गोळी ताटलीच्या खाली मातीत. डोळे मिटले होते, खडकीकाका, अगदी तुम्ही म्हणालात तसे. दुसरी बरी. पाचवी पुन्हा बाहेर. पुढे सरकत सरकत १३० वर दहा जमल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड हातांनी पुन्हा, तरी १३०. दादाच्या रायफलीच्या दस्त्यावर पांढरी टेप लावली आणि पेननं लिहिलं: पडून २००, बसून १३०. दादा म्हणाला, हे काय पंचांग लावलंस? मी मुळशीकरांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही, संध्याकाळी टेपचा दुसरा तुकडा मागून घेतला.

पहिले तीन दिवस फक्त चाललो. चौथ्या दिवशी सकाळी कुरणाच्या पलीकडच्या कडेला सहा माद्या. रेंजफाइंडर ३४०. वारा अगदी मंद, एक आडवी, शांतपणे चरतेय. दादा कुजबुजला, "इथून पोचेल आरामात." पोचली असतीच. मी टेपकडे बघितलं. मध्ये लपायला काही नव्हतं, चाळीस यार्ड सरपटलो, तेवढ्यात वारा पाठीमागून फिरला आणि सगळ्या झाडीत. दादा दिवसभर माझ्याशी मोजकंच बोलला.

सहाव्या दिवशी, उजेड संपायला वीस मिनिटं. आम्ही एका ओढ्याच्या वरच्या अंगाला बसलो होतो. खालून एक मादी एकटीच वर आली. गवत उंच, पडून मारणं शक्यच नव्हतं. काठ्यांवर रायफल ठेवली. १२१ यार्ड. ती थांबली, आडवी. माझं काळीज कानात वाजत होतं. काटा फऱ्यामागे आला, गेला, पुन्हा आला. बार केला. ती दचकून उडाली, चाळीसेक यार्ड धावली आणि झुडपाआड बसल्यासारखी खाली गेली. दादानं खांदा दाबून धरला, अर्धा तास उठू दिलं नाही. पानांवर फेसाळ लाल रक्त होतं. माग काढायची वेळच आली नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. कातडं सोलताना दादानं भोक दाखवलं. मी जिथे नेम धरला होता त्याच्या चार बोटं मागे. फुप्फुसातच होती, पण चार बोटं मागे. आणि बार सुटताना मला वाटलं होतं, एकदम बरोबर.

खडकी_निवृत्त | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:०८

१२१ वर चार बोटं. त्याच हातानं ३४० वर वीतभर.

मुळशीकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

वीतभर मागे म्हणजे पोट. कारवी. तीन दिवस.

डेन्व्हरकर | २४ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

अभिनंदन. पहिल्याच वर्षी रिकाम्या हातानं आला नाहीत, हा माझ्यावर अन्याय आहे. मांसाचं काय केलंत?

नेमबाज_कोथरूड | २४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

आधी सगळं पाठीवर वाहून आणलं, चार खेपा. कोलोरॅडोत खाण्याजोगं मांस टाकून देणं गुन्हा आहे, आणि नसतं तरी टाकलं नसतं. गुडघे अजून बोलतायत. दादाचा डीप फ्रीझर भरला. वहिनीनं पहिल्या रात्री वाटपातला रस्सा केला, मंद आचेवर तीन तास. आईनं व्हिडिओ कॉलवर बघून विचारलं, "मटण एवढं काळं का दिसतंय?"

चकवाचांदण | २४ नोव्हेंबर, रात्री १०:४१

मी अजूनही कॅमेऱ्याच्याच बाजूची आहे. पण त्या ३४० वाल्या सकाळी तुम्ही बार काढला नाहीत, ते मला आवडलं.

मुळशीकर | २४ नोव्हेंबर, रात्री ११:०५

पुढच्या वर्षी जाणार का? आणि दगड तिथेच?

नेमबाज_कोथरूड | २४ नोव्हेंबर, रात्री ११:१२

एप्रिलमध्ये अर्ज टाकणार. निघताना दस्त्यावरची टेप बदलून आलो. पडून १६५, बसून १००.